प्रिंटरच्या खोलीचं कुलूप काढा: राज्यातल्या विद्यापीठांच्या मेकॅनिकल अभ्यास मंडळांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य, मेकॅनिकल आणि प्रॉडक्शन इंजिनिअरिंग अभ्यास मंडळ, आणि ज्या ज्या कॉलेजात थ्रीडी प्रिंटरची खोली आहे तिथल्या सगळ्या लॅब इन-चार्ज सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉप चालवतो. फाउंड्रीत कास्टिंग ओतायच्या आधी वाळूत साचा धरायला जो पॅटर्न लागतो तो आणि कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायची पेटी) आमच्याकडं बनतात, आधी सागवानात बनायचे, मग अ‍ॅल्युमिनियमात, मग सीएनसी राउटरवर, आणि आता बरीच सॅम्पल कामं आम्ही थ्रीडी प्रिंटरवर काढतो. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो म्हणजे पत्र पूर्ण वाचायला वेळ नसला तरी पोचेल. कॉलेजच्या तपासणीत प्रिंटर कितीचा घेतला हे विचारू नका, वर्षभरात त्यानं किती किलो फिलामेंट (प्रिंटर वितळवून थर देतो ती प्लास्टिकची तार) संपवलं हे विचारा, आणि त्यातलं थोडं तरी कॉलेजच्या गेटबाहेरच्या माणसासाठी संपलं का तेही विचारा.

हे का म्हणतोय ते सांगतो. आमच्याकडं दरवर्षी नवीन इंजिनिअर पोरं इंटरव्ह्यूला येतात, बीई, बीटेक, डिप्लोमा, सगळी. अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग (थरावर थर चढवून वस्तू बनवणं) हा विषय घेतलेला असतो, मार्क चांगले असतात, आणि आयएसओ-एएसटीएम ५२९०० या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधल्या सात प्रोसेस विचारल्या तर व्हॅट फोटोपॉलिमरायझेशनपासून शीट लॅमिनेशनपर्यंत घडाघडा सांगतात, मला त्याचं कौतुकच आहे. मग मी पंपाच्या इम्पेलरचं ड्रॉइंग समोर ठेवतो आणि विचारतो की हा पॅटर्न प्रिंट करायचाय, कुठली बाजू बेडवर, म्हणजे प्रिंटरच्या पाटावर, ठेवशील? तिथं पोरगं थांबतं. लोंबत्या भागाखालचा सपोर्ट कुठं येणार, तो काढताना कुठल्या पृष्ठभागाला ओरखडे पडणार, ग्रे आयर्नसाठी साधारण १ टक्का श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो ते) धरून मॉडेल मोठं करायचं की नाही, वाळूतनं पॅटर्न सुटावा म्हणून ड्राफ्ट म्हणजे बाजूंना उतार किती द्यायचा, यातलं काहीच त्यानं कधी स्वतःच्या हातानं केलेलं नसतं. परवा एका मुलीनं मला सरळ सांगितलं, "सर, आमच्या लॅबला प्रिंटर आहे पण आम्ही काचेतनं बघितलाय, सरांनी एकदा डेमो दाखवला होता, किचेन काढलं होतं." मुलगी हुशार आहे, तिच्यात काही कमी नाही. तिच्या हातात मशीन दिलंच नाही कुणी.

आता कुणी म्हणेल लॅबवाले आळशी आहेत, तर ते खरं नाही. मी जवळच्या एका कॉलेजात जाऊन बसलोय, तिथल्या सरांशी बोललोय, आणि त्यांची अडचण मला पूर्ण पटली. मशीन डेड स्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या मालमत्तेच्या नोंदवहीत) चढलंय. उद्या पोरांनी नोझल बेडवर आपटलं, हॉटएंड म्हणजे फिलामेंट वितळवणारा भाग जळला, तर रिपेअरला पैसे कुठल्या हेडमधनं काढायचे याचं उत्तर नाही, तीन कोटेशन मागवायची, मंजुरी यायला सेमिस्टर जाणार, आणि ऑडिटला विचारणार की मशीन बंद का आहे, जबाबदार कोण. त्यापेक्षा कुलूप लावलेलं बरं. मशीन नवंकोरं राहतं, कॉलेजला मानांकन देणारी नॅकची किंवा एनबीएची कमिटी आली की खोली उघडते, फोटो होतात, परत बंद. म्हणजे ज्यानं मशीन वापरू दिलं त्याच्यावर जोखीम, ज्यानं झाकून ठेवलं तो सुरक्षित. सर, हा नियमांचा दोष आहे आणि नियम तुमच्या हातात आहेत, म्हणून पत्र तुम्हाला लिहितोय, त्या लॅब असिस्टंटला नाही.

पैशाचा हिशोब पण करून दाखवतो, कारण "बजेट नाही" हे मी फार ऐकतो. साधं पीएलए प्लास्टिकचं फिलामेंट किलोला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं. एका विद्यार्थ्याला सेमिस्टरला २०० ग्रॅम दिलं, तर ६० पोरांच्या वर्गाला १२ किलो लागतं, म्हणजे १२ हजार रुपये. पितळी नोझल तर किरकोळ पैशात येतं, ती झिजायची आणि बदलायचीच वस्तू आहे. एवढ्या खर्चात प्रत्येक मुलगा-मुलगी स्वतः मॉडेल करून, स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून देणारं सॉफ्टवेअर) टाकून, प्रिंट काढून, फसलेली प्रिंट हातात घेऊन परत काढू शकते. सॉफ्टवेअरला पण पैसे नकोत, फ्रीकॅड फुकट, क्युरा फुकट, प्रुसास्लायसर फुकट. १२ हजार रुपयांसाठी लाखाचं मशीन बंद ठेवणं मला पटत नाही.

आणि फसलेली प्रिंट फार महत्त्वाची आहे, यावर जरा थांबतो. पीएलएचा एक हुक उभा प्रिंट करा आणि तसाच एक आडवा करा, दोन्हीला वजन टांगा. उभा केलेला थरातनं सुटतो, कारण एका थराची दुसऱ्या थराशी पकड ही त्या थरातल्या सलग धाग्याएवढी मजबूत नसते. अ‍ॅनआयसोट्रॉपी म्हणजे काय हे पुस्तकात दोन पानं आहे, पण तुटलेला हुक हातात आला की पोरगं परत कधी विसरत नाही. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचा मोठा पार्ट काढा, कोपरे उचलतात, मग कळतं की बेड १०० डिग्रीला का तापवायचा आणि मशीनला बंद पेटी का पाहिजे. आमच्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात, किंवा कोकणात तर विचारूच नका, फिलामेंट हवेतलं पाणी पितं, नायलॉन तर फारच, नोझलमधनं चटचट आवाज येतो आणि पार्टवर केसासारखे तार येतात. फिलामेंट सुकवून मग वापरायचं, सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं, हे जुलै महिन्यात आमच्याकडचं रोजचं काम आहे, आणि लाइट जाते ते वेगळंच, सात तासांची प्रिंट सहाव्या तासाला बंद पडते, यूपीएस का पाहिजे ते तेव्हा समजतं. हे सगळं मेकॅनिकलचंच शिक्षण आहे. पण पेपरला येतं काय, तर "स्वच्छ आकृतीसह स्पष्ट करा".

विद्यापीठाचं आणि वर्कशॉपचं नातं किती जवळचं असायला पाहिजे ते या तंत्रज्ञानाच्या जन्माच्या गोष्टीतच आहे, आणि पॅटर्नवाला म्हणून ती गोष्ट मला सांगावीशी वाटते. कार्ल डेकार्ड नावाचा टेक्सास विद्यापीठाचा, ऑस्टिनचा विद्यार्थी. १९८१ च्या उन्हाळ्यात तो तेलविहिरींचे पार्ट बनवणाऱ्या एका शॉपमध्ये कामाला होता. तिथं कॉम्प्युटरवर डिझाइन यायला लागलं होतं, पण कास्टिंगचे पॅटर्न मात्र कारागीर हातानंच बनवत होते. कॉम्प्युटरमध्ये आकार आहे तर त्यावरनं थेट पॅटर्न का निघू नये, हा प्रश्न त्या पोराच्या डोक्यात बसला. पुढं जो बीमन नावाच्या तरुण प्राध्यापकानं त्याला मास्टर्सला घेतलं, पाठीशी उभा राहिला, आणि पावडरचे थर लेझरनं चिकटवत नेणारी सिलेक्टिव्ह लेझर सिंटरिंगची पद्धत त्यातनं निघाली. आज त्याच घराण्यातल्या पावडर बेड मशीनवर विमानाचे आणि रॉकेटचे पार्ट निघतात. सुरुवात झाली ती एक विद्यार्थी पॅटर्नवाल्यांच्या शेजारी उभा राहिला म्हणून. आता मला सांगा, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं एवढ्या फाउंड्र्या आहेत, आमच्यासारखी पॅटर्न शॉप गल्लोगल्ली आहेत, आणि इथल्याच कॉलेजातलं पोरगं फायनल इयरपर्यंत एकदाही पॅटर्न हातात घेत नसेल, तर असला प्रश्न त्याला पडणार कुठनं?

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचं. एड्रियन बोयर या प्राध्यापकानं २००५ साली रेपरॅप सुरू केलं, स्वतःचे बरेचसे पार्ट स्वतःच प्रिंट करू शकेल असं मशीन, आणि सगळी ड्रॉइंगं, सगळा कोड लोकांना मोकळा करून टाकला. स्कॉट क्रम्पनं काढलेल्या एफडीएम (फिलामेंट वितळवून थर देणाऱ्या) पद्धतीचं मूळ पेटंट २००९ ला संपलं आणि मग ते मोकळं डिझाइन घेऊन जगभर लोकांनी मशीनं बनवली. आज वीस-तीस हजारात जे मशीन आपल्याला मिळतं त्याच्या मुळाशी एका विद्यापीठानं आपलं काम कुलपात ठेवलं नाही ही गोष्ट आहे.

आणि अमेरिकेत व्हर्जिनिया टेकला क्रिस्टोफर विल्यम्स यांच्या लॅबनं २०१२ साली थ्रीडी प्रिंटरचं चक्क व्हेंडिंग मशीन केलं. ड्रीमव्हेंडर नाव. इंजिनिअरिंगच्या बिल्डिंगमध्ये उघड्यावर ठेवलं, कुठल्याही विद्यार्थ्यानं आपली फाइल मेमरी कार्डवर घेऊन यायचं, कार्ड घालायचं, पार्ट तयार झाला की खाली पडतो, उचलायचा आणि जायचं. पैसे नाहीत, अर्ज नाही, सही नाही. मला हे फार आवडतं. मशीन बिघडत असणारच, पण ते वापरासाठी ठेवलंय हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

परदेशातलं सोडा, आपल्या पुणे जिल्ह्यातलंच बघा. शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे, तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, नापास झालेली, खेड्यातली पोरं हातानं काम करत शिकतात, वेल्डिंग, सुतारकाम, शेती, इलेक्ट्रिकल, सगळं, आणि गावात लागणारी कामं करत शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीनं फॅब लॅबची, म्हणजे डिजिटल मशीनं लोकांना वापरायला देणाऱ्या वर्कशॉपची, कल्पना जगात न्यायची ठरवली तेव्हा एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली या पाबळला आली. मुंबईत नाही, पुण्यात नाही, दुष्काळी पट्ट्यातल्या एका खेड्यात. तिथली पोरं डिजिटल मशीन वापरू शकतात तर आपल्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांवर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

कुणाला अजूनही वाटत असेल की हे खेळणी बनवायचं काम आहे, तर इस्रोनं ९ मे २०२४ ला पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन थ्रीडी प्रिंट करून ६६५ सेकंद चालवलं. आधी १४ भाग जोडून जे बनायचं ते एका पीसमध्ये आलं, १९ वेल्ड जॉइंट गेले, आणि पूर्वी फोर्जिंग आणि शीट मिळून ५६५ किलो माल लागायचा तिथं १३.७ किलो पावडर पुरली. त्याच महिन्यात ३० तारखेला आयआयटी मद्रासमधनं पुढं आलेल्या अग्निकुल कंपनीनं सिंगल पीस प्रिंट केलेल्या इंजिनवर श्रीहरिकोट्यातनं उड्डाण केलं. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ ला अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगचं राष्ट्रीय धोरण काढलं त्यात ५० भारतीय तंत्रज्ञानं, १०० स्टार्टअप, ५०० प्रॉडक्ट आणि १ लाख कुशल माणसं असं लिहिलंय. ही १ लाख माणसं येणार कुठनं? आयआयटी सगळ्यांना पुरणार नाहीत. ती येणार सांगलीतनं, लातूरमधनं, अकोल्यातनं, जळगावातनं, तुमच्याच संलग्न कॉलेजांतनं. तंत्रशिक्षण परिषद एआयसीटीईनं थ्रीडी प्रिंटिंग आणि डिझाइनला उभरत्या क्षेत्रांत घेऊन त्यात मायनर डिग्रीची सोय पण केली आहे, तेव्हा कागदावरची दारं उघडीच आहेत. खोलीचं तेवढं राहिलंय.

आता बाहेरच्या लोकांसाठी उघडा म्हणतो म्हणजे नक्की काय, ते सांगतो. आठवड्यातला एक दिवस, समजा शनिवार दुपार, लॅब आजूबाजूच्या लोकांसाठी ठेवा. आमच्या भागात जुन्या मशीनचे स्पेअर मिळत नाहीत, कंपनी बंद पडलेली असते, एखाद्या गिअरचा दात गेला म्हणून अख्खं मशीन पडून असतं. शेतकऱ्याच्या फवारणी पंपाचा एखादा प्लास्टिकचा तुकडा तुटतो. असली माणसं तुटलेला पार्ट घेऊन येऊ देत, पोरं व्हर्निअरनं मापं घेतील, मॉडेल करतील, प्रिंट काढतील, बसवून बघतील, बसला नाही तर परत मापं घेतील. काही वेळा त्यांना सांगावं लागेल की काका, हा पार्ट गरम होतो, यात पीएलए टिकणार नाही, याला दुसरं मटेरियल पाहिजे किंवा हा मशीनिंगच करायला हवा. कुठं प्रिंट करू नये हे समजणं हे मी सगळ्यात मोठं शिक्षण मानतो. नवीन शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टचे, कम्युनिटी एंगेजमेंटचे, ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आलेतच, तर ते या कामाला जोडा, रिपोर्ट छापून बाइंडिंग करण्यापेक्षा बसलेला पार्ट आणि तो वापरणाऱ्याची सही हा पुरावा धरा.

उलट बाजूनं पण येऊ द्या. आमच्याकडं साठी ओलांडलेले पॅटर्न मिस्त्री आहेत, वाळू कुठं धरेल आणि कुठं सुटेल हे ते लाकडावर हात फिरवून सांगतात. त्यांना कॉलेजात व्हिजिटिंग म्हणून बोलवा, डिग्री विचारू नका, तासाचे पैसे द्या. कोल्हापूरला याची परंपरा आहे, बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता, कुठल्या कॉलेजात शिकून नाही. आमच्या मिस्त्री लोकांना कॉम्प्युटरची भीती वाटते आणि पोरांना वाळूची, दोघं एका टेबलावर बसली तर दोन्ही भीती जातील असं मला मनापासून वाटतं, कारण माझ्या शॉपमध्ये ते घडताना मी बघतोय.

शाळांचं पण आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळाशाळांत आल्या, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटर असतो. २०२५ च्या बजेटमध्ये अजून ५० हजार लॅब सरकारी शाळांत करायचं जाहीर झालंय. पण विज्ञानाच्या बाईंना दहावीचा सिलॅबस संपवायचाय, नोझल चोकअप झालं तर त्या कुणाला फोन करणार? प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजनं जवळच्या चार-पाच शाळा वाटून घ्याव्यात, सेकंड इयरची पोरं महिन्यातनं एकदा जातील, मशीन चालू करून देतील, शाळेच्या मुलांबरोबर काहीतरी बनवतील. बनवायला आपल्याकडं विषय कमी आहेत का? इस्रोच्या भुवन पोर्टलवर जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो, त्यावरनं आपल्या परिसरातला डोंगर, गड प्रिंट करता येतो. २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, दिवाळीत आपली पोरं मातीचे किल्ले करतातच, तर अंध शाळेतल्या मुलांसाठी रायगडाचं, पन्हाळ्याचं हाताला लागेल असं मॉडेल आपल्या कॉलेजांनी का करू नये? नकाशा त्यांना दिसत नाही, पण उतार, कडा, माची बोटांनी कळू शकते. एका मॉडेलला एखादा किलो फिलामेंट लागेल.

एक सावधगिरीची गोष्ट. कृत्रिम हात प्रिंट करून द्यायचा आणि फोटो काढायचा असा उत्साह बऱ्याच कॉलेजांत असतो. भावना चांगली आहे, जगभरच्या स्वयंसेवकांनी ई-नेबल या नेटवर्कमधनं मोठं काम उभं केलंय. पण हात देणं सोपं आणि तो हात त्या मुलानं वर्षभर वापरणं अवघड, मूल वाढतं, पट्टा टोचतो, दोरा तुटतो. आयआयटी मुंबईच्या बेटिक या सेंटरनं इंजिनिअर, डिझायनर आणि डॉक्टर एकत्र बसवून मेडिकल उपकरणं करायची पद्धत घालून दिली आहे, तसं डॉक्टरला आणि वापरणाऱ्याला पहिल्यापासून बरोबर घेऊनच असली कामं करा, आणि नंतरची दुरुस्ती कोण करणार ते आधी ठरवा.

सेफ्टीचं पण स्पष्ट बोलतो, नाहीतर म्हणाल याला सगळंच उघडं पाहिजे. मेटल पावडरच्या मशीनला कुलूप हवंच. टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियमची बारीक पावडर पेट घेते, स्फोट होऊ शकतो, तिथं ट्रेनिंगशिवाय कुणीही जाऊ नये. रेझिनच्या प्रिंटरला ग्लोव्हज, चष्मा, हवा खेळती पाहिजे, कच्चं रेझिन कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी होते. पण साधा फिलामेंटचा प्रिंटर, २०० डिग्रीचं नोझल आणि गरम बेड, एक तासाच्या ट्रेनिंगमध्ये पोरं सुरक्षित वापरू शकतात. दोन्हीला एकच कुलूप लावू नका.

तर अभ्यास मंडळाच्या पुढच्या मीटिंगला एवढं अजेंड्यावर घ्या. अ‍ॅडिटिव्हच्या विषयाला निम्मे मार्क प्रॅक्टिकलला, त्यात स्वतः काढलेला, मोजलेला पार्ट आणि फसलेल्या प्रिंटची कारणं लिहिलेली वही. फिलामेंट आणि नोझल हे कन्झ्युमेबल हेडला, प्राचार्यांच्या पातळीवर मंजूर होईल असं. विद्यार्थ्याच्या वापरात मशीन बिघडलं तर तो नेहमीचा खर्च धरायचा, इन-चार्जवर जबाबदारी टाकायची नाही, हे लेखी द्या. आणि वार्षिक अहवालात मशीनची किंमत असते त्याच्या शेजारी दोन रकाने घाला, किती तास चाललं आणि किती किलो संपलं.

माझ्या बाजूनं मी काय करू शकतो तेही लिहितो. आमच्या शॉपमधले जुने पॅटर्न, कोअर बॉक्स, नाकारलेली कास्टिंग मी कुठल्याही कॉलेजला शिकवायला फुकट देईन. शनिवारी दुपारी मी स्वतः येईन, आमचे मिस्त्री येतील. सेमिस्टरला चार-पाच पोरांना शॉपमध्ये कामाला घ्यायची आमची तयारी आहे, स्टायपेंड देऊ, आणि त्यांनी प्रिंट केलेल्या पॅटर्नवर खरं कास्टिंग ओतून देऊ, शेजारच्या फाउंड्रीवाल्यांशी माझं बोलणं झालंय. फक्त कॉलेजचं पत्र पाहिजे आणि पोरांचा इन्शुरन्स. जूनमध्ये नवीन सेमिस्टर सुरू व्हायच्या आत उत्तर आलं तर पहिल्या बॅचचं आम्ही लगेच ठरवू.

आपला,
एक पॅटर्नवाला
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर